त्या लाइनवर हाक येत नाही

सोमवारी सकाळी आमची आत्या लाल झाली. रागाने नव्हे, उन्हानेही नव्हे. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ती मेथी निवडत होती आणि केसांपासून पायाच्या नखांपर्यंत सगळीकडे सारखीच, फिकट लाल होती. डाव्या कानाशेजारी हवेत एक छोटी आडवी रेघ होती. वजाची असते तशी.

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"आत्या, तू लाल झालीस."

"असेन," ती म्हणाली. "तुझी मीटिंग नाही का आज?"

"कानापाशी रेघ पण आहे."

"असू दे. टोचत नाही मला."

तिने एक जुडी संपवून दुसरी सोडली. मेथी हिरवी होती, पण ती मेथीची हिरवी. मी तिच्या खांद्याला हात लावून पाहिला. खांदा नेहमीसारखा उबदार होता. फक्त लाल होता.

लाल म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. माझं पोटच त्यावर चालतं. मी कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर उड्या मारतात. आत्या सोसायटीतल्या बायकांना ‘आमची अरू कर्नलकडे असते’ असं सांगते आणि त्या मला मिलिटरीतली समजतात. मी कधी दुरुस्त करत बसले नाही.

तर हा कर्नल आपल्या कामात असताना मध्येच कोणीतरी हाक मारतं. कीबोर्ड मारतो, डिस्क मारते, नेटवर्क तर ऊठसूट मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की हातातलं काम असेल तिथं ठेवायचं, जागेची खूण करायची, हाकेपुरतं उरकायचं आणि पुन्हा खुणेपाशी यायचं. हे उरकणारा जो तुकडा, तो हँडलर. प्रत्येक हाकेची लाइन वेगळी आणि प्रत्येक लाइनीचा हँडलर वेगळा. या सगळ्या फायली माझ्या नावावर आहेत. त्यात कोणाला काही बदल करायचा असला की तो आधी माझ्याकडे तपासायला येतो. काढायच्या ओळी लाल दिसतात आणि त्यांच्यापुढे वजाची रेघ असते. घालायच्या ओळी हिरव्या दिसतात. मी हो म्हटलं की लाल ओळी जातात.

मी सहजासहजी हो म्हणत नाही. माझ्या नावाने बोटं मोडणारी निम्मी कंपनी आहे, आणि मोडू देत. चूक असली तर मी ती शोधतेच.

मी आत येऊन लॅपटॉप उघडला. बदल आलेला होता. पाठवणारा निनाद शिंत्रे. हा मीच हाताखाली घेऊन तयार केलेला, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात नीटनेटका. वर विषय लिहिला होता : ‘न वापरातली लाइन बंद करणे, हँडलर काढून टाकणे.’ खाली लाल ओळी होत्या. मी वाचायला सुरुवात केली.

हाक ऐकणे. हातातलं जिथल्या तिथे ठेवणे. पदराला हात पुसत येणे. ‘काय झालं?’ विचारणे. रक्त असेल तर हळद. ताप असेल तर मिठाच्या पाण्याच्या घड्या. स्वप्न असेल तर पाठीवरून हात. बोलणे कमी. झोप लागेपर्यंत न थांबणे, फक्त डोळे मिटेपर्यंत थांबणे. परत जाणे.

एकेका ओळीपुढे वजाची रेघ होती. सगळ्यात खाली एकच हिरवी ओळ होती : ‘पोचलं’ असं उत्तर देणे.

स्वयंपाकघरातून कसलातरी आवाज आला म्हणून मी जाऊन पाहिलं. फडताळात, चहाच्या डब्याशेजारी, सुपारीच्या डबीएवढं हिरवं काहीतरी येऊन बसलं होतं. मी वाकून पाहिलं तेव्हा ते म्हणालं, "पोचलं."

मी निनादला फोन लावला.

"हा काय प्रकार आहे?"

"मॅडम, त्या लाइनवर हाक येत नाही," निनाद म्हणाला. त्याचा आवाज मऊ असतो. "मी मोजणी लावून ठेवली होती. एकही नाही आली."

"अरे, माझी आत्या आहे ती."

"हो मॅडम. म्हणून तर तुमच्याकडे पाठवला. फाइल तुमच्या नावावर आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"कारण लिहून द्या ना. तोंडी चालत नाही, तुम्हीच सांगता." आणि पुढे म्हणाला, "बुधवारी दुपारी घ्यायचा आहे आत. तोपर्यंत तुमचं काही आलं नाही तर नेहमीप्रमाणे."

नेहमीप्रमाणे म्हणजे असं : ज्याच्या नावावर फाइल आहे तो मुदतीत काही बोलला नाही, तर तो हो म्हणाला असं धरायचं. ही पद्धत मला कायम आवडत आली होती. तिने काम अडत नाही.

मी कंबर कसून बसले. दिवसभर तो बदल उलटापालटा करून वाचला. कंस नीट होते. नावं नीट होती. काढलेल्या हँडलरला दुसरीकडून कोणी बोलावत नव्हतं. लाइन बंद करायची पद्धत बरोबर होती. मेल्याने एक स्वल्पविराम चुकवला नव्हता. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की, असा बदल दुसऱ्या कोणाच्या आत्याचा असता तर मी सकाळीच हो म्हणून मोकळी झाले असते.

मग एकच उपाय उरला. त्या लाइनवर हाक येते हे दाखवायचं. एक आली तरी पुरे. लाइन ‘न वापरातली’ आहे हेच मुळी खोटं ठरलं असतं. मी निनादची मोजणी पडद्यावर उघडी ठेवली. तिथे शून्य होतं. मी मोठ्याने हाक मारली.

"आत्या!"

शून्यच राहिलं. गॅलरीतून काही हालचाल नाही. मी पुन्हा मारली, आणखी मोठ्याने. शेवटी उठून गेले.

"ऐकू नाही आलं तुला?"

"आलं की."

"मग उठली का नाहीस?"

"ती हाक नव्हती गं," आत्या म्हणाली. "नुसतं नाव घेतलंस."

"पोट दुखतंय माझं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही दुखत," ती म्हणाली आणि निवडलेली भाजी माझ्या हातात दिली.

हे खरंच होतं. चाचणीची हाक मोजणीत धरत नाहीत. आणि दुसरी हाक माझ्याकडे शिल्लक नव्हती. ताप आला की मी गोळी घेते. वाईट स्वप्न पडलं की उठून मेल बघते. घटस्फोटाच्या वेळी मी आत्याला सगळं झाल्यावर, कागद हातात आल्यावर सांगितलं होतं, आणि ती ‘बरं’ म्हणाली होती. आमच्या दोघींचं भांडण कधी झालं नाही. ती गॅलरीत असायची आणि मी पडद्यासमोर, मध्ये जेवणाचं टेबल. मला तिचा आधार वाटायचा. फक्त तो मी कधी वापरत नव्हते.

मंगळवारी बाकीचं लाल व्हायला लागलं. आमच्याकडे हे असंच होतं, एक ओळ काढली की तिच्यापुरत्या ठेवलेल्या वस्तूही काढायच्या असतात, नाहीतर त्या उगीच जागा खातात. सकाळी आत्याचा तांब्या लाल झाला. मग तिची उशी, तिची खुर्ची, दाराच्या मागचा हूक, काशाची वाटी, सांडशी. लाल झालेल्या वस्तूकडे बघत राहिलं तर ती असायची. नजर दुसरीकडे गेली की नसायची. हूक मी बराच वेळ धरून ठेवला होता, पण मला शिंक आली.

गॅलरीही अरुंद होत चालली होती. दुपारी आत्याला पाय जवळ घेऊन बसावं लागलं.

"आत ये," मी म्हटलं. "आत बस माझ्याजवळ."

"माझी जागा इथं आहे," आत्या म्हणाली. "हाक आली की इथनं उठायचं आणि इथंच परत यायचं. आत येऊन बसले तर गोंधळ होईल."

मी उंबऱ्यावर बसले. तिच्या पलीकडचा रस्ता तिच्यातून दिसायला लागला होता. भाजीवाल्याची गाडी तिच्या पोटातून गेली.

"तुला भीती वाटत नाही?"

"कशाची?"

"तुला काढणार आहेत, आत्या."

तिने थोडा विचार केला. "मी आले कशी ते तुला ठाऊक आहे का? तुझी आई गेली तेव्हा तू पाळण्यात. दादाने तार केली. मी इस्लामपूरला शिवणाच्या क्लासात बसले होते, एका ब्लाउजची बाही मशीनवर होती. सुई कापडात टेकवून ठेवली, म्हणजे परत आल्यावर जागा सापडेल. चार दिवसांनी येते म्हटलं बाईंना."

"मग?"

"मग काय. तू रडायची थांबलीच नाहीस." ती हसली. लाल माणूस हसला की दात फिके दिसतात. "कोणाची बाही होती कोण जाणे. वाट बघून बघून एका बाहीचा ब्लाउज नेला असेल बिचारीने."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मला रडायला हवं होतं. रडले असते तर मोजणीत एक हाक पडली असती. पण मला रडू आलं नाही, संताप आला. निनादचा, त्या पद्धतीचा, त्या स्वच्छ धुतलेल्या ओळींचा. आणि संतापाला आत्या कधीच उठत नाही. लहानपणी मी पाय आपटायला लागले की ती खुशाल तांदूळ निवडत बसायची.

त्या दिवशी आंघोळीच्या वेळी माझा उजवा गुडघा गुळगुळीत होता. तिथं सायकलवरून पडल्याची मोठी खूण होती. आत्याने त्यात हळद दाबली होती आणि मी सबंध गल्ली डोक्यावर घेतली होती. खूण गेली. मी पुष्कळ वेळ गुडघ्याकडे बघत राहिले आणि सायकल कोणत्या रंगाची होती ते मला आठवेना. मग सायकल होती का, तेही आठवेना.

बुधवारी सकाळी मी बदलाखाली लिहिलं : ‘माझा विरोध आहे.’ लगेच उत्तर आलं : कारण लिहा. मी लिहिलं : ‘कारण मला ती हवी आहे.’ थोड्या वेळाने आमचे साहेब दिघे यांचं उत्तर आलं. ‘अरुंधती, भावना समजू शकतो. तांत्रिक कारण दे. मुदत दुपारपर्यंत आहेच.’ दिघे माणूस वाईट नाही. स्वतःची आई गेली तेव्हा त्यांनी एका दिवसाचीही सुट्टी घेतली नव्हती.

मी परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ओळी आता पाठ झाल्या होत्या. हाक ऐकणे. जिथल्या तिथे ठेवणे. पदराला हात पुसत येणे. डोळ्यांपुढून अक्षरं सरकत होती आणि मला काहीही सापडत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचून काढल्या, आणि आता एक हवी होती तर मिळेना. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बाराकडे चाललं होतं. गॅलरीकडे मी मान वळवून बघत नव्हते, कारण नजर परत आणावी लागली असती.

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला.

दूध मीच मघाशी मंद गॅसवर ठेवून विसरले होते. धावत स्वयंपाकघरात गेले तर पातेल्याच्या चारी बाजूंनी फेस उतरत होता, बर्नर तडतडत होता. मी सांडशीसाठी हात मागे नेला. सांडशी जिथं अडकवलेली असायची तिथं भिंत होती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. मी दुसरं काही सुचायच्या आत उजव्या हाताने पातेल्याचा काठ धरला.

दुखलं की लोक ‘आई गं’ म्हणतात. मी आईला पाहिलेलंच नाही. माझ्या तोंडून लहानपणापासून दुसरंच यायचं, वर्गातल्या मुली त्यावरून चिडवायच्या, म्हणून कॉलेजात मी ते बंद केलं होतं. मला वाटलं होतं ते बंद झालं.

"आत्या गं!"

गॅलरीत खुर्ची सरकली. आत्या पदराला हात पुसत आली. लाल, फिकी, तिच्यातून फ्रिजवरचं कॅलेंडर दिसत होतं, पण पावलं चांगली जड वाजत होती.

"काय झालं? बघू."

तिने माझं मनगट धरलं आणि हात नळाखाली नेला. नळ सोडला. तिची बोटं घट्ट होती, ओली होती, खरी होती. चारही बोटांवर माझी कातडी पांढरी पडली होती. आग मस्तकात जात होती, आणि मला इतका आनंद झाला की मी हुंदके द्यायला लागले.

"रडू नकोस. पाणी लागू दे," आत्या म्हणाली.

"आली, आत्या. हाक आली. एक आली."

"हात हलवू नकोस."

बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजायला लागला. निनाद असणार. बदल आत घेतला की तो कळवतो, तशी त्याची पद्धतच आहे. फोन वाजत राहिला. फडताळातून ते हिरवं म्हणालं, "पोचलं," आणि फोन थांबला.

मग दार आपटल्यासारखा एक आवाज झाला. मी आत्याच्या खांद्यावरून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून जेवणाचं टेबल दिसत होतं, टेबलाच्या पलीकडे गॅलरी असायची. तिथं भिंत होती. खुर्ची नाही, कठडा नाही, दार नाही. भिंतीला रंगसुद्धा जुनाच होता.

आणि त्या क्षणी मला चूक दिसली.

चालू असलेला हँडलर काढायचा नसतो. आधी तो कुठे हाकेला गेलेला आहे का हे बघायचं, गेलेला असला तर तो परत खुणेपाशी येईपर्यंत थांबायचं, आणि मगच काढायचा. थांबण्याची ही एक ओळ लिहावी लागते. निनादने ती लिहिली नव्हती. का लिहील? त्या लाइनवर हाक येणारच नव्हती. मी तो बदल तीन दिवस वाचला होता आणि नसलेली ओळ मलाही दिसली नव्हती, कारण मीही तेच धरून चालले होते.

ही साधी चूक नव्हे. परत जायची जागाच नसली की हँडलर कुठे पोचत नाही. मशीन अशा वेळी जागच्या जागी थांबतं. माणसाचं काय होतं ते आमच्याकडे कुठे लिहिलेलं नाही. पण कारण म्हणून हे शंभर नंबरी होतं. मी दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या तर दिघ्यांनी उभ्या उभ्या बदल परत फिरवला असता. गॅलरी आली असती, खुर्ची आली असती.

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत होता.

"आत्या, माझ्याबरोबर बाहेर चल. दोनच मिनिटं."

"तुला भाजलंय म्हणून मी आले," आत्या म्हणाली. "बाहेर माझं काय काम?"

"हात धरून ठेव आणि चल."

"नळ इथं आहे ना गं."

ती एवढंच करत आली होती आयुष्यभर. आलेल्या कामापुरतं. मी हात सोडवून घेतला की काम संपलं. काम संपलं की ती वळणार आणि जेवणाच्या टेबलापलीकडे जिथं काही नाही तिथं जाणार.

पाणी गार होतं. आग बोटांच्या टोकांकडे ओसरत चालली होती, मी ती आवळून धरायचा प्रयत्न केला, पण दुखणं धरून ठेवता येत नाही. आत्याने माझा हात पालथा केला, फुंकर घातली. तिची पकड थोडी सैल झाली.

"थांबलं ना आता?" तिने विचारलं. "जाऊ मी?"

"नाही," मी म्हटलं. "अजून दुखतंय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

गॅस बंद करायचा राहूनच गेला होता. दूध बरंचसं उतू गेलं होतं आणि पातेलं अजून आचेवर तापत होतं. माझा डावा हात मोकळा होता.